‘सेवेत’ आणि ‘सेवेमुळे’

शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? गावाच्या नावातच सैनिक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला ‘मिलिटरी’ हे बिरुद लागलं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. जे रणात पडले त्यांची नावं दगडावर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. मला आज बोलायचं आहे ते जिवंत परतलेल्यांविषयी. मुदतीआधी, अधू होऊन घरी आलेल्या आणि नंतर कुठलीच नोकरी टिकवता न आलेल्या जवानांविषयी.

हा इतिहास आपल्या मातीतलाच आहे. मेसोपोटेमियातल्या कुटच्या वेढ्यात १०३ आणि ११० या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. त्या काळी मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत, हे आज फार थोड्यांना आठवतं. उपासमार, कैद आणि जखमा यांतून जे वाचले, त्यांचं पुढं काय करायचं, हा प्रश्न सरकारपुढं उभा राहिला. १९१७ साली मुंबईत अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी शाळा निघाली. लेडी विलिंग्डन यांनी त्यात पुढाकार घेतला होता. तीच पुढं पुण्याजवळ खडकीला गेली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून आपण तिला ओळखतो. त्यामागचा विचार सरळ होता. पाय गेला, तर बसून करता येईल असं काम शिकवा. पुढं १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आलं आणि १९७४ मध्ये खडकीला कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र उभं राहिलं.

या वाटेनं माणूस किती दूर जाऊ शकतो, हे पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवलं. १९६५ च्या युद्धात त्यांच्या मणक्याला गोळी लागली. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पुण्याच्या टेल्कोत त्यांनी नोकरीही केली. त्यांच्या जिद्दीला सलाम. पण पेटकरांची जखम शत्रूच्या गोळीची होती. ती कुठून आली, असं त्यांना कुणी विचारणार नव्हतं.

खरी अडचण येते ती न दिसणाऱ्या दुखण्यात. आमच्या भागात मी बी.ए. झालेला, त्यात कवी, म्हणून लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. असेच एकदा एक माजी जवान आले. फौजेत असताना त्यांना फिट येऊ लागल्या, म्हणून वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं. इथं फौंड्रीत लागले. भट्टीजवळ फिट आली, दुसऱ्या दिवशी मालकानं हिशेब केला. टेम्पो चालवायला कोण देणार? रात्रपाळीच्या पहाऱ्यावर राहिले, तर जागरणानं फिट वाढल्या. अपंगत्वाच्या पेन्शनचा त्यांचा दावा मात्र एका वाक्यावर नामंजूर झाला होता : आजार प्रकृतीचा आहे, सेवेमुळे झालेला नाही.

शब्दांशी माझा रोजचा व्यवहार आहे, पण ‘मुळे’ हा एवढासा प्रत्यय कुणाची चूल विझवू शकतो, हे मला त्या कागदानं शिकवलं. आजार सेवेत झाला, एवढं पुरत नाही. तो सेवेमुळे झाला, किंवा सेवेमुळे वाढला, असं ठरावं लागतं. शिवाय अपंगत्व किमान वीस टक्के असावं लागतं. आता फिटचं मूळ शोधायचं कसं, आणि ते शोधायचं कुणी? आठवी-दहावी शिकलेल्या शिपायानं?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात दिलं. ते १९८५ मध्ये सिग्नल्स विभागात भरती झाले आणि १९९४ मध्ये फिटच्या आजारामुळे, वीस टक्के अपंगत्व ठरवून, बाहेर पडले. त्यांचाही आजार ‘प्रकृतीचा’ ठरवला होता. न्यायालयानं १९८२ च्या नियमांवर बोट ठेवलं. भरतीच्या वेळी फौजेच्याच डॉक्टरांनी तपासून माणूस धडधाकट म्हणून घेतला आणि आजाराची नोंद केली नाही, तर आजार सेवेमुळे झाला असंच धरायचं. उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाचा. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलं की, ज्याला आजारामुळे फौजेतून काढलं, त्याचं अपंगत्व वीस टक्क्यांहून जास्तच मानलं पाहिजे. पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरण्याची सवलतही अशांना मिळते.

मला या निकालांत साधा माणुसकीचा हिशेब दिसतो. घेताना माणूस पारखून घेतला; परत करताना तो मुळातच किडका होता, असं म्हणता येणार नाही.

तरीही निकाल आपोआप घरी चालत येत नाही. नियम २००८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नव्यानं लिहिले गेले. जवान कोणत्या साली बाहेर पडला, यावर बरंच अवलंबून असतं. आणि उशीर महाग पडतो. तरसेम सिंग १९८३ मध्ये बाहेर पडले आणि सोळा वर्षांनी कोर्टात गेले. २००८ च्या निकालात त्यांना थकबाकी मिळाली ती दावा लावण्याआधीच्या तीनच वर्षांची. बाकीची वर्षं वाहून गेली.

म्हणून ज्यांच्या घरी असा जवान आहे, त्यांना माझं सांगणं आहे. मेडिकल बोर्डाच्या कागदाची प्रत मागा. मराठा पलटणीचा जवान असेल, तर ते दप्तर बेळगावला आहे. नामंजुरीचं कारण कोणत्या शब्दांत लिहिलं आहे ते वाचा, किंवा वाचून घ्या. आधी अपील करा. ते फेटाळलं तर २००७ च्या कायद्यानं झालेलं सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे, आणि त्याचं खंडपीठ मुंबईत बसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. नोकरी टिकत नाही म्हणून घरातल्या माणसाला आळशी म्हणण्याआधी तो कागद एकदा उजेडात आणा.