धर्म-अध्ययनातील पदव्युत्तर पदवी: विभागाचे नाव पाहून प्रवेश घ्यावा

धर्माचे उच्च शिक्षण म्हणजे पौरोहित्याचे किंवा धर्मप्रसाराचे शिक्षण, असा समज आपल्याकडे अद्याप प्रबळ आहे. विद्यापीठीय धर्म-अध्ययनाचा या दोहोंशी संबंध नाही. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मात्र धर्माचे शिक्षण वेगळे आणि धर्मांविषयीचे शिक्षण वेगळे, हा भेद कोठारी आयोगाने (१९६४-६६) स्पष्ट केला. सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात धर्मांच्या अभ्यासाला घटनेची आडकाठी नसल्याचा निर्वाळा दिला.

या विषयाचा स्वतंत्र विभाग पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ मध्ये सुरू झाला. त्याला गुरू गोविंदसिंग यांचे नाव देण्यात आले असले, तरी तेथे शीख धर्माबरोबरच हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती व इस्लाम या परंपरांच्या अध्ययनाची योजना प्रारंभापासून होती. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीत तत्त्वज्ञान व तौलनिक धर्म यांचा एकच विभाग आहे. राजस्थानातील लाडनू येथे जैनविद्येवर, तर नालंदा विद्यापीठात बौद्ध अध्ययनावर भर असतो. बनारस हिंदू विद्यापीठाने २०२२ मध्ये हिंदू अध्ययनाचा एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला.

नावांची ही विविधता विद्यार्थ्याला पुढे अडचणीची ठरू शकते. अध्यापनाच्या पात्रतेसाठी घेतल्या जाणाऱ्या नेट परीक्षेत 'धर्मांचा तौलनिक अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे. बौद्ध, जैन, गांधीवादी व शांतता अध्ययन हा दुसरा, हिंदू अध्ययन हा तिसरा. पाली आणि तत्त्वज्ञान हेही वेगळेच. उमेदवाराने आपल्या पदव्युत्तर विषयातूनच परीक्षेला बसावे, असा सर्वसाधारण नियम असून खुल्या प्रवर्गासाठी एम.ए.ला ५५ टक्के गुण आवश्यक असतात. सबब, पदवी-प्रमाणपत्रावर कोणत्या विषयाचे नाव येणार, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. दोन वर्षांनंतर विचारून उपयोग नसतो. शिवाय धर्म-अध्ययनाचे विभाग मोजके असल्याने प्राध्यापकांच्या जागाही मोजक्याच निघतात, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. संग्रहालये, हस्तलिखित ग्रंथालये, अनुवाद व पत्रकारिता या क्षेत्रांत या ज्ञानाचा उपयोग होतो. पण तेथे निव्वळ पदवीपेक्षा भाषा अधिक उपयोगी पडते.

भाषेचा प्रश्न खरोखर कळीचा आहे. बौद्ध परंपरेसाठी पाली, जैन परंपरेसाठी प्राकृत, इस्लामसाठी अरबी आणि शीख ग्रंथांसाठी गुरुमुखी लिपी आल्यावाचून अभ्यासक भाषांतरांवर विसंबून राहतो. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी यासाठी श्रीलंकेपर्यंत गेले आणि पाली शिकून परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी ती शिकवली. आजच्या विद्यार्थ्याला पालीसाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. पुणे व मुंबई विद्यापीठांत ती शिकण्याची सोय आहे. पदवीच्या अखेरच्या वर्षातच एखादा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केल्यास एम.ए.च्या पहिल्या सत्रापासून मूळ ग्रंथ हाती घेता येतात.