विहीर आपली, पाणी गावाचं



पाटाचं पाणी वाटून घ्यावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथं पाळी असते, पाटकरी असतो. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली आणि एका फडात पीक एकच. नदीला पाणी कमी, त्या वर्षी भिजायचे फडही कमी. बहुतेकांचे तुकडे निरनिराळ्या फडांत असल्यानं तोटा कुणा एकट्यावर पडत नसे.

विहिरीचं मात्र आपण तसं मानत नाही. विहीर सातबाऱ्यावर लागते, म्हणून माणूस म्हणतो, 'माझी विहीर, माझी मोटर.' पण खडकाच्या पोटातलं पाणी बांध ओळखत नाही. शेजारी खोल बोअर झालं, की आपल्या विहिरीचा तळ दिसू लागतो.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं हे ओळखलं. 1972 च्या दुष्काळानंतर गाव खचत गेलं, माणसं मजुरीला बाहेर पडली. 1989 साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, डोंगरावर समतल चर, ओढ्यांवर बंधारे अशी कामं झाली. पुढे आदर्श गाव योजनेची जोड मिळाली. विहिरींना पाणी आलं. खरी कसोटी त्यानंतर होती, कारण पाणी दिसलं की ऊस लावावासा वाटतो. गावानं ठरवलं: शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस लावायचा नाही. दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. आधी माणसं आणि जनावरं, मग पिकं. पाऊस कमी, तर जास्त पाण्याची पिकंही कमी.

हिशोब साधा आहे. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर. 400 मिलिमीटरला 40 लाख लिटर झाले. उसाला साधारण 2,000 मिलिमीटर पाणी लागतं. म्हणजे एक हेक्टर ऊस पाच हेक्टरांचा पाऊस पितो. आणि पडलेला सगळा पाऊस काही जमिनीत मुरत नाही.

तेव्हा गावात एक पर्जन्यमापक बसवा. पावसाळा संपताच चार ठिकाणच्या विहिरींची पातळी मोजून फळ्यावर लिहा आणि रब्बीच्या पेरणीआधी ग्रामसभा घ्या. बंधारा सरकारी पैशातून होईल. पण उपसा किती करायचा, हे गावानंच ठरवायचं आहे.