आग्रा-प्रवासातील बालसंभाजी : एक साधनविचार

शिवाजी महाराजांच्या 1666 मधील आग्रा-प्रवासाचे विवेचन करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा दरबारातील प्रसंग व सुटकेची युक्ती यांवरच खिळून राहते. या प्रवासात महाराजांसमवेत एक अल्पवयीन मुलगा होता, ही गोष्ट नमूद केली जाते आणि तेथेच सोडली जाते. वस्तुतः तिचा परिणाम साऱ्या प्रकरणावर झालेला आहे.

संभाजीराजे यांचा जन्म 14 मे 1657 चा. मातोश्री सईबाई 1659 मध्येच निवर्तल्या होत्या. जून 1665 मध्ये पुरंदरचा तह झाला तेव्हा महाराजांनी स्वतः मनसब पत्करण्याचे नाकारले व ती पंचहजारी मनसब आठ वर्षांच्या पुत्राच्या नावे झाली. मिर्झा राजा जयसिंहाच्या छावणीत ओलीस म्हणून जाणेही त्यांच्याच वाट्यास आले. म्हणजे आग्र्याचा प्रवास हा त्यांचा शत्रुपक्षाकडील पहिला प्रवास नव्हे. 12 मे 1666 च्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांत उभे करण्यात आले. जो दर्जा आपल्या लहान मुलास पूर्वीच मिळालेला, तोच आपणांस, हा अपमानाचा एक मुद्दा होता. दोनच दिवसांनी संभाजीराजांना नऊ वर्षे पूर्ण झाली. पुढे महाराजांनी दरबारास जाणे टाळले, परंतु संभाजीराजे रामसिंहाबरोबर जात राहिले. जयपूर दरबाराच्या राजस्थानी पत्रव्यवहारात या मुलाच्या रूपाचे व गौरवर्णाचे कौतुकही आढळते. हा पत्रव्यवहार यदुनाथ सरकार व रघुवीरसिंह यांनी संपादित करून 1963 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि बखरींच्या कथनास समकालीन साधनाची जोड मिळाली.

खरा प्रश्न 17 ऑगस्ट 1666 नंतरचा आहे. दुसऱ्या दिवशी पलायन उघडकीस येताच चौफेर शोध सुरू झाला. मागे राहिलेले त्र्यंबक सोनदेव व रघुनाथ बल्लाळ कोरडे पकडले जाऊन त्यांचे हाल झाले. शोधणाऱ्यांच्या नजरेसमोर जी खूण होती ती एकट्या पुरुषाची नव्हे, तर नऊ वर्षांच्या मुलासह जाणाऱ्या पुरुषाची. वेष पालटता येतो. सोबतच्या मुलाचे वय लपविता येत नाही. शिवाय ज्या मजला महाराजांना मारावयाच्या होत्या त्या त्या वयाच्या शरीरास झेपणाऱ्या नव्हत्या. तेव्हा पुत्रास मागे ठेवण्यात वात्सल्याचा अभाव पाहणे अनैतिहासिक होय; दोघांच्याही सुरक्षिततेचा तोच मार्ग होता.

मुलास कोठे ठेवले, याविषयी मात्र साधनांत एकवाक्यता नाही. सभासदाच्या बखरीप्रमाणे मथुरेस मोरोपंत पिंगळे यांचे मेहुणे कृष्णाजीपंत, काशीराव व विसाजीपंत यांच्या स्वाधीन केले. खाफीखान अलाहाबाद व कवी कलश यांचे नाव देतो. सभासद 1697 च्या सुमाराचा, खाफीखान त्यानंतर अनेक वर्षांनी लिहिणारा. पण केवळ काळाच्या जवळिकीवर निर्णय देण्याचे कारण नाही. मथुरा आग्र्यापासून सुमारे 35 मैलांवर आहे. अलाहाबाद मान्य केल्यास अत्यंत धोक्याचे दिवस महाराजांनी मुलास बरोबर घेऊन काढले असे मानावे लागते, आणि मग मागे ठेवण्याचा हेतूच विफल ठरतो. कवी कलशाचे नाव संभाजीराजांच्या कारकीर्दीत इतके गाजले की ते मागाहून बालपणाच्या कथेत शिरणे अस्वाभाविक नव्हे.

महाराजांच्या आगमनतिथीबाबतही वाद आहे. 12 सप्टेंबर 1666 ही तारीख ग्राह्य धरल्यास पूर्वेकडील लांबचा वळसा जवळजवळ अशक्य ठरतो. संभाजीराजे राजगडास पोहोचले ते 20 नोव्हेंबरला, असे सामान्यतः मानले जाते. या दरम्यान त्यांच्या मृत्यूची वार्ता पसरविण्यात आली अशी परंपरा आहे. वाटेत संशय आला असता सोबतच्या ब्राह्मणाने त्यांच्यासह एका ताटात भोजन करून तो फेडल्याची कथा उत्तरकालीन बखरीत येते. कथेची सत्यता कशीही असो, अनोळखी मुलाचे नाते प्रवासात कोणत्या गोष्टींवरून पारखले जाई, हे तीवरून कळते. परक्या घरात, परक्या नात्याने काढलेल्या या तीन महिन्यांविषयी स्वतः त्या मुलाची साक्ष उपलब्ध नाही.

नोव्हेंबर 1667 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, संभाजीराजे शाहजादा मुअज्जम याच्या भेटीसाठी औरंगाबादेस गेले. पुन्हा मोगली मनसबदार म्हणूनच.