'नेटिव्ह' म्हणजे किती? गेममधील अपस्केलिंगचा इतिहास

एखाद्या नव्या गेमच्या सेटिंग्ज उघडा. ग्राफिक्सच्या पानावर 'क्वालिटी', 'बॅलन्स्ड', 'परफॉर्मन्स' असे पर्याय दिसतील. तिन्हींचा अर्थ एकच: पडद्यावर दिसतील त्यापेक्षा कमी पिक्सेल ग्राफिक्स कार्ड प्रत्यक्ष काढणार आणि बाकीचे अंदाजाने भरणार. हा अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा, याचा इतिहास आपण पाहू.

आधी हिशेब करा. १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख पिक्सेल. ३८४० × २१६०, म्हणजे ४के, सुमारे ८३ लाख, बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. पडदा चौपट झाला म्हणून हा वेळ वाढत नाही.

१९९६ चा 'क्वेक' लोक ३२० × २०० वर खेळत आणि त्यात कुणाला उणे वाटत नसे. जुन्या सीआरटी मॉनिटरला ठरावीक पिक्सेल नव्हते. द्याल ते रिझोल्यूशन तो दाखवी. एलसीडीवर मात्र पिक्सेलांची संख्या कारखान्यातच पक्की होते. कमी रिझोल्यूशनचे चित्र ताणावे लागते आणि ते धूसर दिसते. 'नेटिव्ह' या शब्दाला वजन आले ते इथून.

ताणण्याची सोपी रीत म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी. पण जी माहिती फ्रेममध्ये नाहीच, ती सरासरीतून कशी येणार? खरी युक्ती निघाली ती मागच्या फ्रेमकडे पाहण्याची. कॅमेरा दर फ्रेमला पिक्सेलच्या अंशाइतका हलवायचा, म्हणजे प्रत्येक फ्रेम थोडी वेगळी माहिती आणते. कोणती वस्तू किती सरकली हे गेम इंजिनला ठाऊकच असते. त्या मोशन व्हेक्टरच्या मदतीने जुने नमुने नव्या जागी आणून बसवायचे.

यावरून एकदा कोर्टकचेरीही झाली. प्लेस्टेशन ४ वरील 'किलझोन: शॅडो फॉल' हा २०१३ चा गेम मल्टिप्लेअरमध्ये दर फ्रेमला ९६० × १०८० इतकेच नवे चित्र काढी आणि उरलेला अर्धा भाग मागच्या फ्रेमवरून भरी. जाहिरात मात्र पूर्ण १०८० ची होती. २०१४ मध्ये एका ग्राहकाने कॅलिफोर्नियात सोनीवर फसवणुकीचा दावा लावला. हे साल लक्षात ठेवा.

पीसीवर मोठा बदल २०१८ मध्ये आला. एनव्हिडियाने आरटीएक्स २० मालिकेसोबत डीएलएसएस आणले. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक गेमसाठी न्यूरल नेटवर्क वेगळे शिकवावे लागे, आणि चित्र पुसट येते अशी टीका झाली. मार्च २०२० ची दुसरी आवृत्ती यशस्वी झाली. तिचे नेटवर्क सर्व गेमना एकच होते, आणि जुने नमुने व मोशन व्हेक्टर तिने पायाला घेतले. माझ्या मते यशाचे निम्म्याहून अधिक श्रेय त्या नमुन्यांना जाते, नेटवर्कला नाही. मे २०२२ चे एएमडीचे एफएसआर २ याला पुरावा आहे. त्यात न्यूरल नेटवर्क नव्हतेच, तरी ते चांगले चालले.

त्याआधी जून २०२१ मध्ये एफएसआर १ आले, तेव्हा एएमडीने प्रतिस्पर्ध्याच्या जीटीएक्स १०६० कार्डावर त्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते. जुन्या कार्डवाल्याला ते देणगीच वाटले. २०२५ चे एफएसआर ४ मात्र सुरुवातीला फक्त कंपनीच्या नव्या आरएक्स ९००० मालिकेसाठीच निघाले.

देणगीची अट कधी झाली? २०२३ कडे पाहा. 'रेम्नंट २' च्या निर्मात्यांनी सांगितले की गेमची आखणीच अपस्केलिंग धरून केली आहे. 'अॅलन वेक २' च्या किमान गरजांच्या तक्त्यात अपस्केलिंग लिहूनच आले. नऊ वर्षांपूर्वी ज्यावर दावा लागला, ते आता तक्त्यात उघडपणे छापले जाऊ लागले.

तुमच्या लॅपटॉपचा पडदा १०८० चा असेल, तर हे तुम्हाला जास्त लागू आहे. 'क्वालिटी' मध्ये दोन्ही बाजू दीडपटीने कमी होतात. ४के पडद्यासाठी कार्ड तरीही सुमारे ३६.९ लाख पिक्सेल काढते. तुमच्या पडद्यासाठी ते १२८० × ७२०, म्हणजे ९.२ लाखच काढते. प्रमाण तेच, ४४ टक्के. पण अंदाज बांधायला सामग्री कमी, म्हणून तारा, केस, दूरची पाने चटकन लुकलुकतात. शिवाय अडथळा प्रोसेसरचा असेल तर पिक्सेल कमी करूनही वेग वाढत नाही.

२०२२ च्या डीएलएसएस ३ पासून पिक्सेलच नव्हे, अख्ख्या फ्रेम अंदाजाने बनू लागल्या. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवायची, तर पुढची खरी फ्रेम तयार असूनही थोडी रोखून धरावी लागते. म्हणून आकडा वाढतो, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद सुधारत नाही, किंचित मागेच पडतो. २०२५ च्या डीएलएसएस ४ मध्ये चारपैकी तीन फ्रेम अशा असू शकतात. तेव्हा कोपऱ्यात १२० दिसले, तरी तुमच्या हाताची हालचाल त्यातल्या ३० फ्रेमनाच कळलेली असते.