कचेरीचा दर आणि घरचे मोल

किंमत आणि मोल हे दोन शब्द आपण बोलताना सरमिसळ वापरतो. परंतु त्यांच्यातील अंतर आपल्या भाषेला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुकानदार सांगतो ती किंमत आणि वस्तू घरी येऊन वापरात पडल्यावर आपल्याला उमगते ते मोल. भांडे, कापड, धान्य यांच्या बाबतीत या दोहोंचा मेळ घालणे कठीण नसते. तांब्याचा भाव माहीत असतो, तांबटाची मजुरी माहीत असते, आणि हंडा किती वर्षे टिकेल याचा अंदाज घरातील वडीलधारी माणसे देऊ शकतात. गेल्या पन्नास वर्षांत मात्र आपल्या घरांत अशी एक वस्तू शिरली आहे की जिला वजन नाही, जी झिजत नाही, जिची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आणि तरीही तिच्यासाठी कधी पाचशे डॉलर, कधी दीडशे, कधी दरसाल शंभर, तर कधी शून्य अशी किंमत मागितली गेली आहे. संगणकावर पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, सभेत दाखवावयाची चित्रपाने तयार करणे, ही कामे करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संचाविषयी आम्ही बोलत आहोत. या संचाला व्यवहारात 'ऑफिस' असेच म्हणतात. नाव कचेरीचे आणि वापरणारे कुटुंब, या विसंगतीतच आजच्या विषयाचे बीज आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की सॉफ्टवेअरला किंमत असते ही कल्पनाच फार जुनी नाही. मोठे संगणक विकणाऱ्या आय.बी.एम. कंपनीने जून १९६९ मध्ये यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची आकारणी वेगवेगळी करण्याचे जाहीर केले. तोपर्यंत सॉफ्टवेअर हे यंत्राबरोबर यावयाचेच, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. पुढे लहान संगणक हौशी लोकांच्या हाती आले, तेव्हा तीच समजूत त्यांच्याही मनात राहिली. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स या तरुणाने हौशी मंडळींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. यंत्र तुम्ही पैसे देऊन घेता, मग त्यावरील आज्ञावलीची मात्र फुकट नक्कल का करता, असा त्या पत्राचा आशय होता. हा प्रश्न तेव्हा अनेकांना आगाऊपणाचा वाटला. तथापि पुढील सगळा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे.

आता किंमत ठरली कशी, हे पाहू. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी 'व्हिसिकॅल्क' नावाचे स्प्रेडशीट ॲपल-२ या संगणकासाठी तयार केले. ब्रिकलिन हार्वर्डच्या व्यापारशिक्षण विद्यालयाचा विद्यार्थी होता. उभ्याआडव्या रकान्यांतील एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलावेत, एवढीच त्यामागील कल्पना. पण ज्याने वहीत रात्र रात्र बसून ताळेबंद खोडले असतील त्यालाच तिचे मोल कळावे! सुमारे १०० डॉलरच्या या आज्ञावलीसाठी लोक हजार डॉलरहून अधिक किमतीचे यंत्र विकत घेऊ लागले. घोड्यापेक्षा लगामाचे मोल अधिक ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

ही गोष्ट विक्रेत्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. 'वर्डस्टार' हा लेखनाचा कार्यक्रम ४९५ डॉलरला मिळू लागला. जानेवारी १९८३ मध्ये मिच केपॉरच्या कंपनीने 'लोटस १-२-३' हे स्प्रेडशीट बाजारात आणले, त्याचीही किंमत ४९५ डॉलर. 'वर्डपरफेक्ट'चा दरही त्याच घरातला. त्या वर्षी डॉलर सुमारे दहा रुपयांना होता. म्हणजे हिशेबाच्या एका आज्ञावलीला जवळजवळ पाच हजार रुपये. हा आकडा चकतीच्या किंवा छापील पुस्तिकेच्या खर्चावरून आलेला नव्हता. कचेरीतील एका कारकुनाचा वेळ किती वाचतो, एका टंकलेखिकेचे काम किती झटपट होते, यावरून तो आला होता. कचेरीला तो परवडत असे, कारण काही आठवड्यांतच पगाराच्या रूपाने तो वसूल होई. घरी मात्र कोणीही कोणाला पगार देत नाही. किराण्याचा हिशेब अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत झाला, तर वाचलेल्या वीस मिनिटांची हुंडी कोणत्याही पेढीवर वटत नाही. तात्पर्य, घराला लावलेले माप पहिल्यापासूनच कचेरीचे होते.

ही अडचण ओळखून घरासाठी लहान संच निघाले. ॲपल कंपनीने १९८४ मध्ये 'ॲपलवर्क्स' आणले. त्यात लेखन, हिशेब आणि नोंदी ही तिन्ही कामे एकत्र होती आणि सर्वांची मिळून किंमत २५० डॉलर होती. मायक्रोसॉफ्टने १९८७ पासून 'वर्क्स' नावाचा असाच आटोपशीर संच विकला. पुढे तो कित्येक नव्या संगणकांबरोबर आयताच येऊ लागला. घरगुती कामाला तो पुरेसा होता. निमंत्रणपत्रिका, मुलांचे निबंध, वर्गणीदारांची यादी यांपलीकडे घराची गरज सहसा जातही नाही. मग 'वर्क्स' सोडून लोक 'ऑफिस'च्या मागे का लागले? याचे उत्तर घरात सापडत नाही. ते घराबाहेर आहे.

मायक्रोसॉफ्टने लेखनाचे 'वर्ड' १९८३ मध्ये आणि हिशेबाचे 'एक्सेल' १९८५ मध्ये काढले होते. चित्रपानांचे 'पॉवरपॉइंट' फोरथॉट नावाच्या कंपनीचे. ती कंपनीच १९८७ मध्ये १ कोटी ४० लाख डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने घेतली. हे तिन्ही एका वेष्टनात घालून १९८९ मध्ये मॅकिंटॉशसाठी आणि १९९० मध्ये विंडोजसाठी 'ऑफिस' हा संच आला. तिन्ही सुटे घेतले असता जी बेरीज होई, तिच्यापेक्षा संचाची किंमत पुष्कळ कमी होती. ज्याला दोनच हवे असत त्याला तिसरे जणू फुकट पडे. आणि एकदा ते फुकट पडले की प्रतिस्पर्ध्याचे तिसरे तो कशाला घेईल? बोर्लंड कंपनीने 'लोटस' वापरणाऱ्यांना आपले 'क्वाट्रो प्रो' सुमारे १०० डॉलरला देऊन पाहिले. तरीही प्रवाह उलटला नाही. 'वर्डपरफेक्ट' १९९४ मध्ये नॉव्हेलकडे आणि १९९६ मध्ये कोरेलकडे गेले. 'लोटस' कंपनी १९९५ मध्ये आय.बी.एम.ने साडेतीन अब्ज डॉलरना विकत घेतली.

या विजयाचे कारण केवळ स्वस्ताई नव्हे. शेजाऱ्याची फाईल आपल्या यंत्रावर उघडली पाहिजे, कचेरीतले काम घरी करता आले पाहिजे, महाविद्यालयाने मागितलेल्या रूपातच प्रबंध देता आला पाहिजे, या गरजांनी घराला कचेरीच्या दावणीला बांधले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही मोठी विलक्षण वस्तू आहे. धान्य जितके अधिक लोक घेतील तितके आपल्या वाट्याला कमी; पण आज्ञावली जितके अधिक लोक घेतील तितके आपल्या प्रतीचे मोल वाढते. त्यामुळे ज्यांनी पैसे न देता नक्कल केली, त्यांनीदेखील नकळत तिचे मोल वाढवण्यास हातभारच लावला. आमच्या गावोगावी संगणक जुळवून देणारे विक्रेते कित्येक वर्षे असे संच आयतेच भरून देत. गिऱ्हाइकाला वाटे, हे यंत्राबरोबर येतेच. १९६९ पूर्वीची ती जुनी समजूत आपल्याकडे अशी दीर्घकाळ टिकली.

यानंतर शून्य किमतीचा अध्याय सुरू होतो. जर्मनीत मार्को बोरीस याने 'स्टारऑफिस' नावाचा संच उभा केला होता. १९९९ मध्ये अमेरिकेतील सन कंपनीने ती पेढीच विकत घेतली. सनमधील एका अधिकाऱ्याने पुढे याचे कारण सांगितले ते मोठे बोलके आहे. कंपनीत सुमारे ४२,००० माणसे होती; त्या सर्वांसाठी मायक्रोसॉफ्टचे परवाने घेण्यापेक्षा संच बनवणारी कंपनी घेणेच स्वस्त पडत होते. रोजच्या दुधाचा रतीब महाग पडतो म्हणून गोठाच विकत घ्यावा, तशातला हा प्रकार. ऑक्टोबर २००० मध्ये सनने त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. तिच्यापासून 'ओपनऑफिस' आणि २०१० मध्ये 'लिब्रेऑफिस' जन्मास आले. २००६ मध्ये गूगलने आंतरजालावरच लिहिण्याची व हिशेबाची सोय विनामूल्य दिली. २०१३ मध्ये ॲपलनेही नव्या यंत्रांबरोबर आपला संच फुकट देण्यास आरंभ केला.

या रेट्यापुढे घरासाठी वेगळा दर निघणे भागच होते. २००७ च्या आवृत्तीत 'होम अँड स्टुडंट' हा संच सुमारे १५० डॉलरना, एका घरातील तीन संगणकांवर वापरण्याच्या परवानगीसह मिळे. अट एवढीच की त्यावर धंद्याचे काम करू नये. दर यंत्रामागे ५० डॉलर! जी वस्तू कचेरीला महाग, तीच घराला स्वस्त. कारण तिच्या दरात साहित्याचा हिशेब नसून गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा हिशेब होता. आमच्या मते घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने तो काळ सर्वांत सुखाचा होय.

तो फार टिकला नाही. २०१३ मध्ये विकतच्या संचाचा परवाना एका यंत्रापुरता राहिला. आरंभी तर तो सहसा दुसऱ्या यंत्रावर नेता येत नव्हता. ग्राहकांनी ओरड केल्यावर मार्चमध्ये ही अट सैल झाली. त्याच वर्षी पाच संगणकांसाठी दरसाल १०० डॉलर असे भाडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची जोड देऊन एका व्यक्तीचे अमेरिकेतील भाडे दरसाल ७० वरून १०० डॉलर, आणि कुटुंबाचे १०० वरून १३० करण्यात आले. ही जोड नको असलेल्यांसाठी जुन्या दराचाही एक मार्ग होता. परंतु तो ग्राहकांना नीट सांगितला गेला नाही, असा आरोप ठेवून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहकसंरक्षण आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयात धाव घेतली.

भाडे वाईटच, असे आम्ही म्हणत नाही. पंचांग आपण दरसाल नवे घेतो, कारण जुन्याचा उपयोग उरत नाही. शब्दकोश मात्र एकदा घेतो आणि तो नातवंडांपर्यंत चालतो. तेव्हा प्रश्न हा, की पत्र लिहिण्याचे साधन पंचांगाच्या जातीचे की शब्दकोशाच्या? आकडेच मांडू. २०२४ ची घरगुती आवृत्ती १५० डॉलरला एका यंत्रासाठी विकली गेली आणि तिच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत मिळावयाच्या आहेत. म्हणजे वर्षाला ३० डॉलर. एका व्यक्तीच्या भाड्याने तेवढी रक्कम दीड वर्षातच संपते. ज्या घरात पाचसहा माणसे रोज काम करतात, ज्यांना कागद साठवण्यासाठी जालावरील जागाही हवी, त्यांना कुटुंबाचे भाडे दर डोई स्वस्त पडेल. महिन्याला चार पत्रे लिहिणाऱ्या निवृत्त गृहस्थाला ते पडणार नाही. आणि त्याच्या कामाला विनामूल्य संच पुरून उरतो.

आमच्या मते खरे मोल मात्र आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज पडू नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे. परंतु वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. संगणकातील मराठीचे एकदा असेच झाले. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी टंक आपापल्या संकेतांनी अक्षरे साठवीत. तो टंक यंत्रावर नसला की आजोबांचे आत्मवृत्त उघडावे आणि समोर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसावा! 'वर्क्स' बंद पडले तेव्हा त्यात पत्रे लिहिणाऱ्यांनाही आपलेच लेखन दुसऱ्या रूपात उतरवून घेण्याची यातायात करावी लागली. संच कितीला घेतला हे अशा वेळी कोणी विचारीत नाही. आपले लेखन परत कसे मिळेल, हेच विचारतात. म्हणूनच २००६ मध्ये कागदपत्रांच्या खुल्या स्वरूपाला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली, ही घटना कोणत्याही दरपत्रकापेक्षा महत्त्वाची आहे. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्वरूपालाही तशी मान्यता मिळाली. भारताने त्या वेळी विरोधी मत दिले होते.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पुण्याच्या सी-डॅकने 'लीप ऑफिस' बनवले. भारत सरकारने २००५ मध्ये तमिळ आणि हिंदी सॉफ्टवेअरच्या तबकड्या विनामूल्य वाटल्या, त्यांत ओपनऑफिसही होते. आज लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येते. परंतु आपल्या एम.एस.-सी.आय.टी.सारख्या अभ्यासक्रमांतून लाखो मुलामुलींना जे हाताला वळण लागले ते प्रामुख्याने एकाच कंपनीच्या संचाचे. आणि सवयीची किंमत कोणत्याही पावतीवर छापलेली नसते.

एवंच, घरासाठी संच घेताना दर पाहण्याआधी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे काम घरात किती जण आणि महिन्यातून किती वेळा करणार? आपले लेखन बाहेर कोणाला आणि कोणत्या रूपात द्यावे लागणार? आणि पैसे देणे थांबवले, किंवा विकणारी कंपनीच बुडाली, तर आपलेच कागद आपल्याला वाचता येतील काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे घरोघरी वेगळी येतील, आणि त्यांवरून कोणी दीडशे डॉलर देईल, कोणी काहीच देणार नाही; दोघेही शहाणेच ठरतील. तिसऱ्या प्रश्नाला मात्र सर्व घरांत एकच उत्तर आले पाहिजे.