खिळ्यांची पुस्तकं : शंभराच्या नोटेत मावणारा इतिहास

दर वेळी आपण ऐकण्याच्या गोष्टी करतो, आज हात लावून बघण्याच्या गोष्टीबद्दल बोलू. घरात आजोबा-आजीच्या वेळचं एखादं मराठी पुस्तक असेल, १९८० च्या आधीचं, तर ते घेऊनच बसा. कथा, कविता, पोथी, काहीही चालेल.

घेतलं? आता शीर्षक सोडा, लेखकही सोडा. आतलं पहिलं किंवा अगदी शेवटचं पान उघडा आणि 'मुद्रक' हा शब्द शोधा. बारीक अक्षरांत एक नाव, एका छापखान्याचं नाव आणि गल्लीसकट पत्ता सापडेल. आजचा भाग या एका ओळीबद्दल आहे, कारण मी गेली काही वर्षं पुस्तकं जमवतो ती या ओळीवरून.

जमवणं म्हटलं की लोकांना वाटतं, पैसेवाल्यांचा छंद. तसं काही नाही राजेहो. माझं बजेट महिन्याला पाचशे रुपये, आणि बहुतेक पुस्तकं शंभराच्या नोटेत येतात. रद्दीवाल्याकडे तर किलोच्या भावात. पण त्यांतली काही पुस्तकं छपाईच्या दृष्टीने इतकी देखणी असतात की आजचं हजार रुपयांचं गुळगुळीत पुस्तक त्यांच्यापुढे फिकं पडतं.

मुद्रकाची ओळ आली कुठून?

ही ओळ हौसेने छापलेली नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. १८५७ चा उठाव होऊन दहाच वर्षं झाली होती, आणि देशी भाषांमध्ये कोण काय छापतंय यावर सरकारला नजर हवी होती. म्हणून प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण देणं सक्तीचं झालं. पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करायच्या. त्यावरून दर तीन महिन्यांनी यादी निघायची. तिच्यात पानं किती, प्रती किती छापल्या, किंमत काय, खिळ्यांवर छापलं की शिळाछाप, सगळं नोंदलेलं असायचं.

म्हणजे बघा, पाळतीसाठी केलेला नियम आज आपल्याला उपयोगी पडतोय. एरवी ज्यांचं नाव कुठेच राहिलं नसतं, अशी गल्लीबोळातली छापखानेवाली माणसं या एका ओळीमुळे टिकली.

सोळा पानांचं गणित

ज्यांनी छापखाना कधी पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खिळा म्हणजे शिशाचा लहानसा तुकडा. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून तो ओततात. त्याच्या डोक्यावर एक अक्षर, तेही उलटं. इंग्रजीचं काम सव्वीस अक्षरं, मोठी-लहान मिळून तशी भागतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. खणांच्या लाकडी पेट्या समोर आणि बाजूला मांडून जुळारी उभा राहायचा. एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पानं लोखंडी चौकटीत आवळायची. मग शाई, मग कागद, मग दाब. छोट्या छापखान्यात हे काम पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर व्हायचं.

यात एक मेख आहे. अख्खं पुस्तक एकदम जुळवता येईल इतके खिळे छोट्या छापखान्याकडे नसायचेच. म्हणून एक फर्मा, म्हणजे बहुतेक वेळा सोळा पानं, जुळवायचा, छापायचा, खिळे धुऊन परत खणांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांनी पुढचा फर्मा. पुस्तक छापून संपेपर्यंत त्याची जुळणी मोडलेली असायची. दुसरी आवृत्ती काढायची तर पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात. आज पीडीएफ जपून ठेवतो तसं काही शक्य नव्हतं. त्यामुळे अशा पुस्तकाची प्रत्येक आवृत्ती म्हणजे कुणीतरी तासन्‌तास उभं राहून केलेलं वेगळं काम आहे.

श्रीमंतांची पुस्तकं, आणि आपली

लहान खासगी छापखान्यांची सुंदर पुस्तकं म्हटलं की जगभर विल्यम मॉरिसचं नाव निघतं. १८९१ साली लंडनमध्ये त्याच्या केल्मस्कॉट प्रेसचं पहिलं पुस्तक आलं. हाताने केलेला कागद, स्वतः आखलेली अक्षरं. १८९६ साली त्याने चॉसरचा ग्रंथ काढला, कागदावरच्या प्रती फक्त ४२५ आणि किंमत २० पौंड. मॉरिस समाजवादी होता, पण त्याच्या पुस्तकाचं पान उलटणं कामगाराच्या आवाक्यात नव्हतं.

त्याच्या वीस-बावीस वर्षं आधी मुंबईत वेगळंच घडलं होतं. जावजी दादाजी नावाचा गरीब घरातला मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचं काम करत मोठा झाला. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू अक्षरांचे साचे कोरायचे. निर्णयसागरची देवनागरी इतकी सुबक होती की पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिच्याकडे नमुना म्हणून पाहिलं गेलं. १८८६ पासून त्यांनी 'काव्यमाला' काढली. जुनी संस्कृत काव्यं, नीट तपासून, महिन्याच्या महिन्याला आणि विद्यार्थ्याला परवडेल अशा भावात. जावजी १८९२ मध्ये गेले, पण छापखाना त्यांच्यानंतरही चालत राहिला.

मला जे सांगायचंय ते हेच. आपल्याकडे देखणी छपाई श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी जन्मली नाही. ती पंचांग, पोथी, पाठ्यपुस्तक आणि कवितेच्या पातळ पुस्तकासाठी जन्मली. म्हणूनच ती आजही आपल्याला परवडते, आणि म्हणूनच तिची किंमत कुणाला कळत नाही.

आपल्या नागपूरचा छापखाना

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. नागपूर जिल्ह्यातल्या मोहपा गावचे किसन फागुजी बनसोडे. बाबासाहेबांच्या आधीच्या पिढीतले कवी, समाजसुधारक, मुलींसाठी शाळा काढणारे. अस्पृश्य समाजाचं म्हणणं छापायचं तर दुसऱ्याच्या दारात उभं राहून चालणार नाही, हे त्यांनी ओळखलं आणि स्वतःचा छापखाना उभा केला. १९१० साली 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ मध्ये 'विटाळ विध्वंसक', १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' आणि १९३६ मध्ये 'चोखामेळा'. नावं पुन्हा एकदा सावकाश वाचा. प्रत्येक नाव म्हणजे एक जाहीरनामा आहे.

स्वतःचे खिळे असणं म्हणजे काय, हे समजायला १९२० सालची एक गोष्ट पुरेशी आहे. 'मूकनायक' सुरू झालं तेव्हा पैसे देऊ करूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, असं बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलंय. दुसऱ्याचा छापखाना म्हणजे दुसऱ्याची मर्जी. पुढे बाबासाहेबांनीही मुंबईत भारतभूषण प्रिंटिंग प्रेस काढला, त्यामागे हाच अनुभव होता.

बनसोडेंच्या छपाईला मॉरिसच्या अर्थाने 'फाइन' कुणी म्हणणार नाही. पण ज्या माणसाला पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते, त्याने एकेक खिळा जुळवून 'नागरिक' हा शब्द छापला. यापेक्षा मोलाची छपाई मला तरी माहीत नाही. निर्णयसागरच्या ग्रंथांना संस्कृत विभागांची कपाटं मिळाली. स्वस्त कागदावरच्या अशा पत्रांना आणि पुस्तिकांना तशी कपाटं मिळाली नाहीत. ती घराघरांतल्या ट्रंकेत राहिली, आणि ट्रंक रिकामी झाली की रद्दीत गेली. तुमच्या घरी दीक्षाभूमीवरून आणलेल्या जुन्या पुस्तिका, भीमगीतांची पातळ पुस्तकं असतील तर फेकायच्या आधी एकदा मुद्रकाची ओळ वाचा. तिथे इंदोरा, महाल, इतवारी असा एखादा ओळखीचा पत्ता निघाला तर तो आपल्या शहराचा इतिहास आहे.

काय शोधायचं, कसं ओळखायचं?

सुरुवात करायला काही खुणा सांगतो.

एक, 'मौज'. मुंबईत गिरगावातल्या खटाववाडीचा मौज प्रिंटिंग ब्यूरो. भागवत बंधूंच्या या छापखान्यातून शुद्ध मुद्रितं, मोकळे समास आणि शांत पान, असं सगळं बाहेर पडायचं. इतर प्रकाशकही आपली पुस्तकं तिथे छापून घ्यायचे, म्हणून प्रकाशकाचं नाव वेगळं असलं तरी मुद्रक बघा. आपल्या नागपूरच्या ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' पॉप्युलर प्रकाशनाने १९६७ साली काढला. पहिली आवृत्ती हाती लागली तर कविता वाचाच, पण कवितेभोवती किती कोरा कागद सोडलाय तेही बघा.

दोन, लघुनियतकालिकं आणि लहान प्रकाशनं. १९५४ मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइलवर, म्हणजे खिळ्यांविनाच. अशोक शहाणेंनी साठीच्या दशकात 'असो' काढलं आणि पुढे त्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' आणली. ही पुस्तकं आता स्वस्त मिळतीलच असं नाही, पण दिसली तर हातात घेऊन बघायला पैसे पडत नाहीत.

तीन, इंग्रजी वाचत असाल तर कोलकात्याचा रायटर्स वर्कशॉप. पी. लाल यांनी १९५८ मध्ये सुरू केलेला. हाताने जुळवलेले खिळे, बांधणीला ओडिशाच्या हातमाग साडीचं कापड, मुखपृष्ठावर लालसरांचं स्वतःचं सुलेखन. नवोदित कवींची पुस्तकं, आणि नटलेली अशी की लग्नाला निघालीत.

आता ओळखायचं कसं? खिशातला फोन काढा. टॉर्च लावा आणि पानाच्या बाजूने, आडवा धरा. खिळ्यांनी छापलेलं असेल तर अक्षर कागदात किंचित रुतलेलं दिसेल. पान उलटून मागून बोट फिरवा, काही वेळा उठाव लागतो. मग एकाच पानावरचे पाच-सहा 'क' निरखून बघा. प्रत्येक खिळा वेगळा झिजलेला, म्हणून एखाद्या 'क'चं पोट तुटलेलं, एखाद्याची शिरोरेषा चेपलेली. आजच्या डिजिटल छपाईत सगळे 'क' जुळे भाऊ असतात.

घरी आणल्यावर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. आपल्याकडचा उन्हाळा कागद कडक करतो आणि पावसाळा त्याला बुरशी आणतो, म्हणून भिंतीला न चिकटलेली, ऊन न येणारी फळी निवडा. कसर लागली का ते दोन-तीन महिन्यांनी चाळून बघा. चाळणं म्हणजे वाचणंही आलंच.

घाई कशाला?

ऐंशीच्या दशकापासून ऑफसेट आणि मग संगणकावरची जुळणी आली. काम स्वस्त झालं, वेगवान झालं, चांगलंच झालं. पण खिळे शिशाचे होते, म्हणून वजनावर विकले गेले आणि वितळले. ट्रेडल मशीन कुठे राहिलीच असेल तर ती बिलबुकावर नंबर टाकते नाहीतर डबे-खोके कापते. जुळाऱ्यांची शेवटची पिढी आज म्हातारी आहे. तुमच्या गल्लीत एखादे काका किंवा आजोबा कंपोझिटर होते असं कळलं तर जाऊन बसा त्यांच्याजवळ. 'काका, तुमच्या हातचं पुस्तक कोणतं?' एवढं विचारा. आणि परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, फोन आहेच.

आणखी एक बदल झालाय. १८६७ चा तो कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे, आणि तो फक्त नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकं त्याच्या बाहेर. म्हणजे दीडशे वर्षं सक्तीने छापली गेलेली मुद्रकाची ओळ यापुढे प्रकाशकाच्या इच्छेवर. तेव्हा जी ओळ जुन्या पुस्तकांत आहे, ती जपणं आपल्याकडे आलं.

म्हणून या आठवड्यासाठी एक छोटं काम देतो. विकत काहीच घेऊ नका. घरातली, शेजारची, शाळेच्या वाचनालयातली दहा जुनी मराठी पुस्तकं काढा आणि फक्त मुद्रकाच्या ओळीचा फोटो घ्या. छापखाना, पत्ता, साल, एका वहीत किंवा फोनमध्ये लिहा. दहा जणांनी दहा-दहा ओळी लिहिल्या तरी नागपूरच्या छापखान्यांचा एक नकाशा तयार व्हायला लागेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर पुस्तक उघडलं की आधी मुद्रक वाचायचा, बरं का!