अंगठ्याचा नियम आणि काठीची गोष्ट



शेतीच्या शिबिरात किंवा बँकेच्या बैठकीत साहेब बोलता बोलता म्हणतात, "थंब रूल असा आहे की..." आणि पुढे एखादा ढोबळ हिशेब सांगतात. मूळ इंग्रजी वाक्प्रचार आहे 'रूल ऑफ थंब'. रूल म्हणजे नियम, थंब म्हणजे अंगठा. शब्द दोन्ही कळले, तरी अर्थ हाती लागत नाही. आपल्याकडेही तसंच असतं. कान माहीत, खडा माहीत, म्हणून 'कानाला खडा लावणे' परक्या माणसाला कळेलच असं नाही.

अर्थ लागला नाही की माणूस गोष्ट शोधतो. या वाक्प्रचाराची एक गोष्ट खूप सांगितली जाते. जुन्या इंग्लंडात म्हणे कायदा होता की नवऱ्यानं बायकोला मारलं तर चालेल, फक्त काठी त्याच्या अंगठ्यापेक्षा जाड नको. तोच हा अंगठ्याचा नियम. ऐकून अंगावर काटा येतो, आणि गोष्ट पटतेही. पण ती खरी आहे का? बायकांच्या मारहाणीची गोष्ट आहे, म्हणून तर ती नीट पारखून घ्यायला हवी.

आधी बघू, जुन्या लिखाणात हा वाक्प्रचार कसा येतो. स्कॉटलंडमध्ये जेम्स डरहॅम नावाचे धर्मोपदेशक होते. त्यांची प्रवचनं १६८५ साली छापली गेली. त्यात ते अशा गवंड्यांचं उदाहरण देतात, जे गुण्या आणि मापपट्टी न लावता नुसत्या अंगठ्याच्या अंदाजानं बांधकाम करतात. पुढे १६९२ साली सर विल्यम होप यांनी तलवारबाजीवर पुस्तक लिहिलं. तिथेही अर्थ तोच, म्हणजे शास्त्र न शिकता सवयीनं आणि अंदाजानं केलेलं काम. दोन्ही ठिकाणी ना बायको आहे, ना काठी.

हा अर्थ आपल्याला परका नाही. भात लावताना तांदळावर पाणी किती? बोटाचं एक पेर. मीठ चिमूटभर, डाळ मूठभर. आपली जुनी मापंही अंगावरचीच आहेत. बारा अंगुळांची वीत आणि दोन वितींचा हात. फ्रेंच आणि डच भाषांत तर इंचाला जो शब्द आहे, तोच अंगठ्याला आहे. 'रूल ऑफ थंब'ला मराठीत नेमका शब्द आहे 'ठोकताळा'. उद्या कुणी म्हणालं की ठोकताळ्यातलं 'ठोक' म्हणजे बायकोला ठोकणं, तर आपण हसू. इंग्रजी वाक्प्रचाराचं जवळपास तसंच झालं.

मग काठी आली कुठून? इंग्लंडात फ्रान्सिस बुलर नावाचे न्यायाधीश होते. अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीनं नवरा बायकोला मारू शकतो, असं ते म्हणाल्याची बोलवा १७८२ साली उठली. तसा निकाल त्यांनी दिल्याची नोंद मिळत नाही. पण लोकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. जेम्स गिलरे या व्यंगचित्रकारानं त्याच वर्षी चित्र काढलं. न्यायाधीश काठ्यांच्या मोळ्या विकायला निघालेत, काठ्यांची टोकं अंगठ्यासारखी आहेत, आणि मागे एक माणूस बाईवर काठी उगारतोय. म्हणजे त्या काळच्या लोकांनाही ही गोष्ट लाजिरवाणीच वाटत होती.

म्हणून इंग्लंडचा कायदा बायकांच्या बाजूनं होता असं मात्र समजू नका. विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितांनी १७६५ साली लिहून ठेवलंय की जुन्या कायद्यानं नवऱ्याला बायकोला 'बेतानं' शिक्षा करता येत असे, जशी नोकराला किंवा मुलांना करतात तशी. पुढे या अधिकाराबद्दल शंका घेतली जाऊ लागली, असंही ते सांगतात. त्यांच्या लिखाणात अंगठ्याचं माप नाही, पण मारायची मुभा आहे.

इंग्लंडचा हा कायदा अमेरिकेतही गेला होता. तिथल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १८६८ साली एक खटला वरच्या कोर्टात आला. नवऱ्यानं बायकोला छडीचे तीन फटके मारले होते. छडी बोटाएवढी होती, अंगठ्यापेक्षा बारीक, म्हणून खालच्या न्यायाधीशानं त्याला सोडून दिलं. वरच्या कोर्टानं सांगितलं की छडीची जाडी मोजणं बरोबर नाही. पण नवरा सुटला तो सुटलाच, कारण किरकोळ मारासाठी कोर्टानं घरात डोकावू नये, असं त्यांचं मत पडलं.

दुसऱ्या काही राज्यांत वारं बदलत होतं. अलाबामाच्या कोर्टानं १८७१ साली स्पष्ट सांगितलं की बायकोला मारायचा हक्क नवऱ्याला नाही. १८७४ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टानंही अंगठ्याचा तो जुना समज नाकारला. मात्र त्याच निकालात पुढे म्हटलं की कायमची इजा झाली नसेल, तर पडदा ओढून घ्यावा आणि नवरा-बायकोंनी आपसात मिटवावं.

काठी आणि वाक्प्रचार ही दोन वेगळी सुतं होती. त्यांची गाठ पडली आपल्याच काळात. अमेरिकेत मारहाणीविरुद्ध काम करणाऱ्या डेल मार्टिन यांनी १९७६ साली त्या जुन्या काठीबद्दल लिहिताना 'रूल ऑफ थंब'वर शब्दाचा खेळ केला. वाचणाऱ्यांनी तो खेळ इतिहास म्हणून घेतला. १९८२ साली तिथल्या नागरी हक्क आयोगाचा मारहाण झालेल्या बायकांवरचा अहवालही याच शब्दांच्या नावानं निघाला. पुढे १९९४ साली हेन्री अ‍ॅन्सगर केली या अभ्यासकांनी जुने कागद तपासून ही गाठ सोडवली.

एवढा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचाराल. कारण आपल्या बाजूनं चुकीची गोष्ट सांगितली की समोरचा तेवढीच खोडून काढतो आणि म्हणतो, "बघा, बायका काहीही सांगतात." मग खरी मारहाणही बाजूला पडते. अंगठ्याच्या कायद्याची गोष्ट खोटी आहे. पण फटके खरे होते, सुटलेला नवरा खरा होता, आणि तो ओढलेला पडदाही खरा होता.

तो पडदा आपल्याही ओळखीचा आहे. त्याचं मराठी नाव 'झाकली मूठ सव्वा लाखाची'. ही म्हण नेमकी कुणाच्या फायद्याची, हा अर्थही आपण लावला पाहिजे. मुठीत वळ झाकले असतील, तर सव्वा लाख मारणाऱ्याचे होतात. आपल्याकडे २००५ साली घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. त्यात काठीची जाडी मोजलेली नाही. मारणं, शिवीगाळ, धमकी, पैसे अडवून धरणं, हे सगळं त्यात हिंसाच धरलं आहे. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे करता येते. महिलांसाठी १८१ हा मदतीचा फोन नंबरही आहे.

तेव्हा गटात पुढच्या वेळी कुणी 'थंब रूल' म्हणालं, तर खुशाल सांगा, "म्हणजे आमचा ठोकताळाच की." आणि एखाद्या शब्दामागची गोष्ट कानावर आली, तर विचारा की हे आधी कुठे लिहिलं होतं, तिथे अर्थ काय होता, आणि ही गोष्ट त्याला कधी चिकटली. हेच तीन प्रश्न गावातल्या बातमीलाही विचारता येतात.